उघडी भिंत आणि खिळ्यांची बंदूक

रविवारी सकाळी माझा नवरा मागच्या खोलीची भिंत उघडत होता. दहा वाजता तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि तिथे पडला. दुपारी इस्पितळात तो वारला. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय.

मी आणि सासरे घरी आलो तेव्हा भिंत तशीच होती. अर्धी माती जमिनीवर, निळ्या ताडपत्रीवर पडलेली. आतले उभे खांब दिसत होते आणि त्यांच्यामागे घराच्या बाहेरच्या फळ्या. एका फळीच्या फटीतून शेजारच्या अंगणातला उजेड आत येत होता. सासरे दारात उभे राहून बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ताडपत्रीची चार टोकं उचलून माती झाकली.

आमचं घर जपानात, तोक्योशेजारच्या इचिकावात होतं, स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. ते सासऱ्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधलेलं होतं. ते सुतार होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. नवऱ्याने बापाचा धंदा घेतला नाही, तो तोक्योतल्या एका कचेरीत कारकुनी करायचा. मी पुण्याहून जपानी शिकायला आले होते आणि लग्न करून राहिले. संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायची, उरलेल्या वेळात वाचायची. मी सासऱ्यांना ओतोसान म्हणायची, म्हणजे बाबा. ते मला ‘सेन्सेइ’ म्हणत, म्हणजे गुरुजी. भाजी करपली की हटकून म्हणत.

त्या वर्षी जानेवारीत कोबेला भूकंप झाला होता. टीव्हीवर आमच्या घरासारखीच घरं दिसत होती, कौलांच्या भाराखाली गुडघे टेकून बसलेली. तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात ही भिंत होती. मागच्या खोलीच्या भिंतीत आडवं काही नव्हतंच, फक्त बांबूच्या जाळीवर लिंपलेली माती. ती आतल्या बाजूने काढायची, खांबांवर जाड प्लायवूड ठोकायचं आणि खिळे पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर मारायचे, म्हणजे घर हललं तरी खोली चौकोनीच राहते, असं त्याने कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं. प्लायवूडच्या सहा फळ्या त्याने आणून बोळात उभ्या करून ठेवल्या. पण एवढे खिळे मारणार कोण, हा प्रश्न होता.

“बंदूक घेऊ,” तो म्हणाला.

खिळे मारायचं यंत्र. जपानी सुतारही त्याला बंदूकच म्हणतात. कॉम्प्रेसरची हवा नळीतून येते, बंदुकीचं नाक लाकडावर दाबून घोडा ओढला की खिळा आत.

“ऑफिसात स्टेपलर मारतोस तेवढं पुरे,” सासरे म्हणाले.

“तेच म्हणतोय. बंदूक म्हणजे स्टेपलरचा थोरला भाऊ.”

“माझ्या घरात बंदूक नको. खिळा नीट बसला की आवाज बदलतो. हातोडीला ते कळतं. बंदुकीला काय कळणार, ती बहिरी.”

“मग तुम्ही मारा.”

“मारीन की. तू भिंत उघड. खिळे मी मारीन. सगळे.”

असं ठरलं होतं. त्या रविवारी नवऱ्याने माती काढता काढता प्रत्येक खांबावर पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्या होत्या, पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर, बापाला मोजायला लागू नये म्हणून. चौथ्या खांबापर्यंत तो आला होता.

जपानात एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी थडग्यात ठेवतात. ते झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत ताडपत्रीवर बसले होते. सासरे दारात येऊन उभे राहिले. कमरेला खिळ्यांची पिशवी बांधली होती. ती मी त्यांच्या कमरेला कधी पाहिली नव्हती, धंदा सोडल्यापासून ती खुंटीवरच असायची.

“सेन्सेइ, भिंत मिटवू का?”

मी खांबांवरच्या रेघांकडे पाहिलं. त्यांच्यावर प्लायवूड येणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी म्हणाले, “आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर घरात असं काही काढत नाहीत.”

“तुमच्याकडचा नियम?”

“हो.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि कमरेची पिशवी सोडायला लागले.

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा वर्षभर कुणाचं लग्न काढलं नव्हतं, आत्याची वास्तुशांतही पुढे ढकलली होती. त्यातलंच काहीतरी माझ्या तोंडून आलं. पण तो नियम मंगलकार्याचा होता, दुरुस्तीचा नव्हता, आणि मला तो हवा होता म्हणून मी तो इथवर ओढून आणला. दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, भिंत मिटवण्यात कसलं आलंय मंगलकार्य? सासऱ्यांनी विचारलं नाही. ते आयुष्यभर नियमांनी वागलेले. वर्षातले ठरावीक दिवस जमीन खणायची नाही, झाड ज्या बाजूने वाढलं त्याच बाजूने खांब उभा करायचा, उलटा खांब घराला लाभत नाही. यातल्या कशाचंही कारण त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या देशाच्या नियमाचं तर मुळीच विचारलं नसतं.

आईला पत्र लिहिताना मी हे सहज लिहिलं. तिचं उत्तर फेब्रुवारीत आलं. “अगं, दुरुस्तीला कसली आडकाठी? थंडीवाऱ्यात म्हाताऱ्या माणसाला उघड्या भिंतीपाशी ठेवू नकोस. लवकर बुजवून घ्या.” मी पत्र दोनदा वाचलं, एका पुस्तकात ठेवलं आणि सासऱ्यांना काही सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात मी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवली, वरून जुनी चादर टांगली. तरी वारा यायचा आणि चादर हलायची. सासरे दुपारी त्याच खोलीत अंगावर जाड कोट घालून बसायचे. “इथे का बसता ओतोसान, पुढे हीटर आहे,” मी म्हणायची. “कुणीतरी बसायला पाहिजे,” ते म्हणायचे. कधी चादर बाजूला करून रेघा बघायचे. एकदा म्हणाले, “सरळ ओढल्यात. एवढं त्याला येत होतं तर.” पण भिंत कधी मिटवायची हे त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. त्यांना विचारायचं आहे हे मला कळत होतं. त्यांच्या पायांची बोटं चौथ्या खांबाकडे वळलेली असायची, मला ते दिसायचं, आणि मी चहा ठेवून पुस्तकाकडे वळायची.

जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आठ आठवडे इस्पितळात होते. बोलणं परत आलं, पाय परत आला, थोडा ओढत. उजवा हात आला नाही. पेला धरता यायचा, पण पेला धरलाय हे डोळ्यांनी बघत राहावं लागायचं. नजर हलली की बोटं सुटायची.

ऑक्टोबरात वर्ष झालं. भिक्षू येऊन सूत्रपठण करून गेले. त्यांचा चहाचा पेला मी उचलायच्या आत सासरे म्हणाले, “आता चालेल ना, सेन्सेइ? वर्ष झालं.”

“चालेल,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून हातोडीचे तीन आवाज आले. मग काही नाही. मी गेले तेव्हा ते खांबासमोर बसले होते. त्यांनी फळीचा एक तुकडा खांबाला टेकवला होता आणि त्यातला खिळा वाकून आडवा झाला होता. हातोडी दूर भिंतीपाशी पडली होती. मी ती उचलून त्यांच्यासमोर ठेवली. तिच्या दांड्यावर त्यांच्या अंगठ्याने झालेला खळगा होता. मी गेल्या डिसेंबरमध्ये ‘हो’ म्हणाले असते तर भिंत झाली असती, तेव्हा हा हात त्यांचा होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. 

आठवडाभर ते खोलीत गेले नाहीत. जेवताना डाव्या हाताने चमचा धरायचे आणि वर बघायचे नाहीत. शेवटी मी म्हणाले, “ओतोसान, बंदूक घेऊ या.”

“मारणार कोण?”

“तुम्ही.”

“एका हाताने?”

“बाकीचे दोन माझे.”

 ते पेल्यातलं मिसो सूप पूर्ण प्यायले.

मी एकटीच बसने हत्यारांच्या मोठ्या दुकानात गेले. जपानात हौशी कारागिराला ‘रविवारचा सुतार’ म्हणतात, त्यांच्यासाठीचं ते दुकान. बंदुकांची अख्खी एक भिंत होती. मी वहीत टिपून घेतलं: वजन किती, आवाज किती, हवा किती लागते. पुस्तक निवडावं तशी मी खोक्यांवरचा मजकूर वाचून बंदूक निवडली. सगळ्यात हलकी, सगळ्यात कमी आवाजाची, कमी धक्क्याची. आजारी हातासाठी हीच, असं मला वाटलं.

घरी सासऱ्यांनी ती डाव्या हातात फिरवून पाहिली. खिळ्यांची पट्टी मोडून एक खिळा तळहातावर घेतला. तो सुईसारखा होता.

“सेन्सेइ, ही चौकटीच्या पट्ट्या लावायची. हिच्या खिळ्याला डोकंच नाही. घर हललं की फळी खिळ्याच्या डोक्याला धरून राहते. नुसती काडी तिच्यातून आरपार निघून येईल.” मग जुन्या सवयीने म्हणाले, “डोकं नसलेला खिळा म्हणजे आमचा पोरगा. दिसायला सरळ, कामाला...”

ते थांबले. मीही खोकं बंद करायला लागले. झाकण बसत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते बसवलं.

दुसऱ्या वेळी ते माझ्याबरोबर आले. दुकानातला माणूस उत्साही होता. त्याने नव्या, जास्त दाबाच्या बंदुका दाखवल्या. “आता बांधकामावर सगळे हीच घेतात. घोडा दाबून धरायचा आणि नाक टेकवत जायचं. टक टक टक, पापणी लवायच्या आत तीन खिळे.”

“मला घाई नाही,” सासरे म्हणाले.

त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, नाक आधी दाबून मग घोडा ओढला तरच खिळा सुटेल, अशी अडवण हिच्यात आहे का? कारण घोडा दाबून धरलेली बंदूक चुकून गुडघ्याला टेकली तर गुडघ्यातही खिळा मारते, तिला भेद कळत नाही. दुसरी, हातोडीने मारायचा जो खिळा असतो तेवढाच जाड खिळा हिच्यात बसतो का? माणसाने बारीक खिळ्यांची गुंडाळी पुढे केली. सासऱ्यांनी एक खिळा नखाने चाचपला आणि परत ठेवला. “लांबी तीच आहे, पण पोट नाही,” ते म्हणाले. जाड खिळे मागच्या फडताळातून काढावे लागले. बंदूक साधीच मिळाली, अडीच किलोची. पैसे देताना ते माझ्यामागे उभे होते. “बहिरी आहे,” ते हळूच म्हणाले, “पण बरी आहे.”

कॉम्प्रेसरचा आवाज होणार, म्हणून आदल्या दिवशी समोरची तीन आणि बाजूंची दोन अशा पाच घरी मी भाताच्या पापड्यांची खोकी घेऊन गेले आणि त्रासाबद्दल आधीच माफी मागितली. तशी इथली पद्धत आहे. समोरच्या बाई म्हणाल्या, “नवऱ्याचं काम पुरं करताय ना.”

“सासऱ्यांचं,” मी म्हणाले.

फळी लावायच्या आधी सासऱ्यांनी मला खांबांवरच्या सगळ्या रेघा फळीवर उतरवून घ्यायला लावल्या. पाचव्या खांबापासून पुढे रेघा नव्हत्या. तिथे त्यांनी पट्टी धरली, मी ओढल्या.

मग मी बंदुकीचं माहितीपत्रक उघडलं आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर हवेचा दाब ठेवला. भिंत पक्की व्हायला हवी होती. सासरे हातमोजा घालायला बाहेर गेले होते. मी डोळ्यांना चष्मा लावला आणि एक रांग मारून टाकली. आठ खिळे. प्रत्येक धक्क्याला बंदूक खांद्यापर्यंत उडायची, पण खिळे भराभर जात होते आणि मला बरं वाटत होतं, वर्षभरात पहिल्यांदा. सासरे आले. त्यांनी हातमोजा काढून रांगेवरून डावा अंगठा फिरवला. एकेका खिळ्यावर अंगठा आत गेला.

“बुडाले,” ते म्हणाले.

“आत गेले की पक्के नाहीत का?”

“फळीच्या बरोबरीला थांबायला हवेत. फळीची वरची कातडी फाटली की डोक्याने धरायचं काय? फळी जाड दिसते तेवढी आता इथे नाही. भिंतीत खिळा आहे, पण धरलंय काहीच नाही.”

“काढू?”

“कापसासारखं निघेल सगळं. राहू दे. शेजारून दुसरी रांग.”

त्यांनी दाब कमी करायला लावला. टाकाऊ तुकड्यावर एक खिळा, अंगठा, अजून कमी. एक खिळा, अंगठा, जरा वर. तुकडा खिळ्यांनी भरला तेव्हा कुठे एक खिळा फळीच्या बरोबरीला येऊन थांबला. त्यात सकाळ गेली.

आम्ही असं करायचो. मी दोन्ही हातांनी खालून बंदुकीचा भार धरायची आणि नाक रेघेवर टेकवायची. ते माझ्या खांद्याशी उभे राहून डावा हात पुढे करायचे, तर्जनी घोड्यावर. म्हणायचे, “हं.” मी नाक दाबायची. ते घोडा ओढायचे. आवाज, धक्का, मग अंगठा. मग पुढची रेघ. दहा वाजता आणि तीन वाजता चहा, बांधकामावर असतो तसा. दिवसाला एकच फळी. त्यांचा पाय त्याहून जास्त टिकत नव्हता. खिळा अडकला की मी बंदुकीला हात लावायच्या आत ते म्हणायचे, “आधी नळी काढ, सेन्सेइ. पुस्तक नाही ते.”

त्यांचा हात छातीपर्यंत जायचा. त्याच्या वरच्या रेघा रिकाम्या राहत होत्या. 

तिसऱ्या दिवशी तीन वाजताच्या चहाला मी त्यांना सांगितलं. मी म्हणाले, वर्षाचा असा नियम आमच्याकडे नाही. आईने फेब्रुवारीतच कळवलं होतं. मला भिंत मिटायला नको होती, म्हणून मी गप्प बसले.

ते पेल्यात बघत होते. पेला सुटू नये म्हणून बघायला लागायचंच त्यांना. 

“मला वाटलं होतं, तुमच्याकडे रडायला एक वर्ष देतात,” ते म्हणाले. “चांगला नियम आहे असं वाटलं होतं. आमच्याकडे एकोणपन्नास दिवस. कमी पडतात.”

“ओतोसान, माफ करा.”

“हात असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. मग पेला खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठले. “चल. फळी अर्धी राहिलीय.”

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत ते आधीसारखेच ‘हं’ म्हणत राहिले.

सहाव्या दिवशी सगळ्या फळ्या लागल्या. छातीच्या वरच्या रेघा तेवढ्या राहिल्या, सहाही फळ्यांवर. सासऱ्यांनी दोन पायऱ्यांचं स्टूल ओढलं आणि त्यावर डावा पाय ठेवला. उजवा पाय वर आला नाही. पुन्हा केलं. मी त्यांच्या कमरेला धरलं होतं. त्यांनी पाय खाली घेतला.

“वरचे तू मार,” ते म्हणाले.

ते स्टूल मला देऊन जमिनीवर बसले आणि खालून सांगत राहिले. सरळ धर. कोपर वर. घाई करू नकोस. मी मारत गेले. प्रत्येक खिळ्यानंतर मी स्वतःचा अंगठा फिरवायची आणि खाली बघायची. ते माझ्याकडे बघत नसायचे. डोकं एका बाजूला झुकवून आवाज ऐकत असायचे, जरी त्या आवाजातून काही कळत नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.

काम संपल्यावर ते पुढच्या खोलीत गेले. तिथे देव्हाऱ्यात नवऱ्याचा फोटो होता. मी कॉम्प्रेसरची हवा सोडत होते, त्यामुळे पहिले शब्द मला ऐकू आले नाहीत. मग हवा संपली.

“सगळे नाही मारता आले,” ते म्हणत होते. “वरचे तिने मारले. भिंत झाली.”

ते त्यानंतर दोन वर्षं होते. मागच्या खोलीतच झोपायचे.

आता ते नाहीत. भिंतीवर कागद लावलेला आहे, खिळे दिसत नाहीत. बुडालेल्या आठ खिळ्यांची रांग मी अजून हाताने ओळखते. घर आहे, मी त्यात राहते आणि ती खोली चौकोनी आहे.